कासव सापडले आहे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला आहे. तळमजला अधिक तीन मजले, मागे पंपाची खोली, एक आंबा, एक उंबर आणि पुनर्विकासाच्या न संपणाऱ्या मीटिंगा. पाठीमागे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल असल्यामुळे आमच्याकडे पाहुण्यांना तोटा नाही. पावसाळ्यात साप निघतात, कधी घोरपड कुंपणाच्या भिंतीवर ऊन खाताना दिसते, माकडं तर वर्षभर असतात. त्यामुळे 2023 सालच्या नागपंचमीला, म्हणजे 21 ऑगस्टला सकाळी वॉचमन धावत वर आला आणि ‘साहब, पीछे कुछ है’ म्हणाला, तेव्हा मला वाटलं, नागोबा आपण होऊन दर्शनाला आले असावेत. सोमवार होता, हिच्या हातात पूजेचं ताट होतं. तेवढ्यासाठी का होईना, मी पायात चपला सरकवल्या.

पंपाच्या खोलीमागे, अळूच्या पानांखाली, कासव होतं. साधारण वरणाच्या पातेल्यावरच्या झाकणाएवढं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघा, एकेका उंचवट्यावरून चांदणीसारख्या फुटलेल्या. मी बँकेत बत्तीस वर्षं काढली, प्राणिशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या बेडकापुरता. पण हे कासव डोंगरातून आलेलं नाही, एवढं मलाही कळलं. कारण त्याच्या कवचाच्या मागच्या कडेला एक भोक होतं. छान गोल, गिरमिटानं पाडलेलं. त्यात सुतळीचा बोटभर तुकडा अजून अडकलेला होता.

तोवर खाली सगळी बिल्डिंग जमली. कोणी म्हणालं लक्ष्मी आली, कोणी म्हणालं आधी वास्तुतज्ज्ञाला विचारा, उत्तरेला ठेवायचं की पूर्वेला. पहिल्या मजल्यावरच्या एका उत्साही गृहस्थांनी निळा टब आणला, नळाखाली काठोकाठ भरला आणि कासव उचलून त्यात सोडलं. कासव म्हणजे पाण्यातला प्राणी, यात शंका घेण्यासारखं काय आहे? मलाही काही गैर वाटलं नाही. पण ते पोहेना. चारी पाय झाडत ते तळाशी गेलं, मान ताणून वर यायला बघत राहिलं. आमच्या सेक्रेटरींची कॉलेजात शिकणारी मुलगी जिन्यावरून ओरडली, ‘काका, काढा ते बाहेर, बुडेल!’ आणि तिनं स्वतःच हात घालून ते काढलं.

मग तिनं आम्हा वडीलधाऱ्यांना पाय दाखवले. पाण्यातल्या कासवाच्या बोटांना पडदे असतात. याचे पाय हत्तीच्या पायासारखे, खांबासारखे, खाली बोथट नखं. हे जमिनीवरचं कासव. तारा कासव, बाजारात याला स्टार कासव म्हणतात. गुजरात-राजस्थानची कोरडी झुडपी रानं, दक्षिणेतला काही भाग आणि श्रीलंका हा याचा मुलूख. वाळक्या गवतात पडलं तर त्या पिवळ्या रेघांमुळे ते दिसतही नाही. जी नक्षी त्याला रानात लपवते, तिच्याच पायी ते माणसांच्या घरात येऊन पडतं.

घरांतून पाळली जाणारी दुसरी जात आपल्या जास्त ओळखीची आहे. रुपयाएवढी हिरवी पिल्लं काचेच्या भांड्यात विकायला असतात, डोळ्यामागे लाल पट्टा. ती अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. अमेरिकेनं 1975 मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण त्यांच्यापासून मुलांना साल्मोनेलाचा संसर्ग होत होता. युरोपनं 1997 मध्ये त्यांची आयात थांबवली. आपल्याकडे ती वाढून बशीएवढी झाली आणि पाण्याला वास यायला लागला, की लोक ती जवळच्या तलावात सोडून देतात आणि पुण्य केलं म्हणून हात जोडतात. तिथं ती आपल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतात. असो. आमचं कासव त्या जातीचं नव्हतं, आणि आमची अडचण वेगळीच होती.

कासव कोणाचं, हा प्रश्न होता. सोसायटीत काही सापडलं, की सूचनाफलकावर लिहायचं, ही आमची पद्धत. छत्री, चावी, एकदा तर दातांची कवळीसुद्धा याच मार्गानं मालकाकडे परत गेली. मी कमिटीचा खजिनदार. सवयीप्रमाणे कागदावर लिहिलं : ‘कासव सापडले आहे. ज्यांचे असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावे.’ आणि खाली सही ठोकली.

तासाभरात सेक्रेटरींची मुलगी वर आली. ‘काका, ही नोटीस म्हणजे कबुलीजबाबाचं आमंत्रण आहे,’ ती म्हणाली. मग तिनं मला कायदा सांगितला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हे कासव पाळणं पूर्वीही गुन्हाच होता. पण तेव्हा ते चौथ्या अनुसूचीत होतं. 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि हे कासव पहिल्या अनुसूचीत गेलं, वाघ-बिबट्यांच्या पंगतीला. शिक्षा किमान तीन वर्षं कैद, सात वर्षांपर्यंत, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड. त्याआधीच 2019 मध्ये जीनिव्हाच्या परिषदेत या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदीचा निर्णय झाला होता. परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना सरकारनं 2020 मध्ये आपणहून नोंद करायची सवलत दिली होती, पण हे कासव अस्सल देशी, त्याला ती लागू नव्हती.

‘आणि ज्याच्या हाती असं जनावर येईल त्यानं अठ्ठेचाळीस तासांत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवायचं असतं,’ ती म्हणाली. ‘म्हणजे आता तुम्ही.’

श्रोतेहो, खरं सांगतो, नोटीस मी काढली नाही. फोनही लगेच केला नाही. कारण कासव कोणाचं, हे मला तोवर कळून चुकलं होतं.

ती सुतळी मी पाहिली होती. पंचवीस वर्षांपूर्वी, तळमजल्यावरच्या माझ्या मित्राच्या घरी. आमची लोकल एकच, ऑफिसं शेजारशेजारची. एका शनिवारी त्यानं दक्षिण मुंबईतल्या एका बाजारातून बुटाच्या खोक्यात हे कासव आणलं होतं. मुलं लहान होती, त्यांनी नाव ठेवलं राजा. राजा कपाटाखाली जाऊन बसे, मग शोधाशोध होई, म्हणून मित्रानं त्याच्या कवचाला भोक पाडून दोरी बांधली. गिरमिट माझ्याकडून नेलं होतं. तेव्हा आम्हा दोघांनाही वाटायचं, की कवच म्हणजे नखासारखं, त्याला काय दुखणार? वस्तुस्थिती अशी, की कासवाचा कणा आणि बरगड्या कवचालाच जोडलेल्या असतात. त्यात रक्त खेळतं, त्याला स्पर्श कळतो, वेदनाही. हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

मित्राला जाऊन सात वर्षं झाली. मुलं परदेशी. वहिनी एकट्या राहतात. राजा अजून आहे, हे मला माहीतच नव्हतं. त्या कोणाला घरात फारसं बोलवत नसत. आम्हाला वाटे, एकटेपणानं तशा झाल्या असतील.

सोमवारी रात्री कासव कमिटीच्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं होतं. सकाळी पाहतो तर दाराच्या फटीतून सरकवलेल्या काकडीच्या चकत्या. साल काढलेल्या. मंगळवारी संध्याकाळी वहिनी वर आल्या. हिनं चहा टाकला. बराच वेळ अधिक महिन्यातल्या पोथीवर बोलणं झालं. मग त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, गॅलरीच्या ग्रिलचं काम चाललं होतं, दार उघडं राहिलं. मी दोन रात्री झोपले नाही.’ आणि थोड्या वेळानं, ‘तुम्ही द्याल ना परत? मी कुठं बोलणार नाही.’

काय बोलावं ते मला सुचेना. देऊन टाकावं, असं मनात आलं होतं, हे लपवत नाही. रात्री अंधारात खोकं खाली नेऊन ठेवायचं, नोटीस फाडायची, प्रकरण मिटलं. एवढ्याशा गोष्टीनं कोणाचं काय बिघडतं? पण दुपारी मी त्याला नीट पाहिलं होतं. नाकातून फेसाचे बुडबुडे येत होते. श्वास घेताना मान पुढे काढत होतं, तोंड उघडत होतं. चोच इतकी वाढलेली, की तोंड नीट मिटत नव्हतं. पाठीचे उंचवटे या जातीला असतातच, पण याचे वेडेवाकडे होते आणि कडेला दाबलं तर कवच मऊ लागत होतं. मी वहिनींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘खात नव्हता हो महिनाभर. डॉक्टरकडे नेणार कसा?’

हीच तर गोम होती. ज्या प्रेमानं पंचवीस वर्षं सांभाळलं, त्याला एकदाही डॉक्टर दाखवता आला नव्हता.

रात्री नऊ वाजता मी वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन लावला. ‘सोसायटीच्या आवारात कासव सापडलं आहे,’ असं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. वहिनी समोर बसून होत्या. चहा तसाच निवला.

बुधवारी सकाळी गाडी आली. वनरक्षक वॉचमनला घेऊन पंपाच्या खोलीकडे जागा बघायला गेले. त्यांच्याबरोबर प्राणी सोडवणाऱ्या संस्थेतली एक तरुण मुलगी होती, तिनं कासव हातात घेतलं. उताणं केलं, दोन क्षणांत सरळ केलं. फार वेळ उताणं ठेवलं तर त्यांना श्वास घ्यायला जड जातं म्हणे. ‘मादी आहे,’ ती म्हणाली. ‘नराचं पोट खोलगट असतं, हिचं सपाट आहे.’ मागून वहिनींचा आवाज आला, ‘अगं बाई!’ पंचवीस वर्षं राजा म्हणून हाक मारलेली.

संतांच्या वाङ्मयात कासवी पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते, असं येतं. त्या मुलीला मी हे सांगितलं, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून. ती हसली. म्हणाली, तारा कासवाची मादी खड्ड्यात अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते; पिल्लांचं तोंडही बघत नाही. मग कवचाच्या भोकावरून अंगठा फिरवत तिनं आम्हा सगळ्यांकडे पाहून विचारलं, ‘ही काय खात होती, कुणाला माहीत आहे का? डॉक्टरांना सांगावं लागेल. चुकीचं औषध जायला नको.’

बारा-पंधरा माणसं उभी होती. कोणी चपलेनं माती उकरत होतं, कोणी आंब्याकडे बघत होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात वहिनी पुढे आल्या.

‘दूधभात,’ त्या म्हणाल्या. ‘सकाळी चहातला पाव. शनिवारी काकडी. उन्हात फारशी नेली नाही, कोणी बघेल म्हणून. मोरीत असायची.’

मुलीनं वहीत लिहून घेतलं. दूध यांना पचत नाही, गवत-पाला हवा, ऊन हवं, एवढंच बोलली. कोणाचं, कधीपासून, हे तिनं विचारलं नाही. वनरक्षक परत आले तेव्हा ती खोक्याला हवेसाठी भोकं पाडत होती. पंचनाम्यावर मी सही केली. जागा : पंपाच्या खोलीमागे.

गाडी गेल्यावर वहिनी बराच वेळ तिथंच उभ्या होत्या. हिनं त्यांना वर जेवायला आणलं. त्या दिवसापासून त्यांचं दार दुपारचं उघडं असतं.

मी त्या मुलीला दोनदा फोन केला. नाक बरं झालं, चोच घासली, पाला खायला लागली. कवचाचा आकार मात्र आता सुधारणार नाही. पुण्यातून अशी शेकडो तारा कासवं बरी करून चंद्रपूरकडच्या जंगलात नेण्यात आली होती, ही बातमी मी वाचली होती, म्हणून आशेनं विचारलं. ‘ती माणसाचा आवाज आला की मान बाहेर काढते, काका,’ ती म्हणाली. ‘हिला सोडता येईल की नाही, सांगता येत नाही.’

वहिनींनी विचारलं, ‘तिथं हाक कशी मारतात तिला?’ तिथं नावं नसतात, नोंदवहीतला नंबर असतो. मी सांगितलं, राणी म्हणतात.