मागून कशी आहे?

पाहुण्यांनी अभिनंदन दीड मिनिटात उरकलं. "पदवी मिळाली, बरं झालं, घरी जाऊन आईवडिलांच्या पाया पडा," म्हणाले आणि माइकची मान वाकवून घेतली. भिवंडीतल्या त्या महाविद्यालयाच्या सभागृहात खिडक्या उघड्या ठेवल्या, की शेजारच्या गल्लीतल्या लूमची खटखट आत येते. ती बंद करायला एक शिपाई धावला. पाहुणे म्हणाले, राहू द्या, या आवाजात मी तीस वर्षं शिकवलंय, शांततेतच मला सुचत नाही.

हे पाहुणे म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेले आणि नंतर याच गावातल्या एका शाळेत रुजू झालेले. दीक्षान्त भाषणाला चित्रकलेच्या मास्तरांना बोलावण्याची चाल आपल्याकडे नाही, आणि व्यासपीठावरच्या दोघातिघांच्या चेहऱ्यांवर ते वाचता येत होतं. मास्तरांनीही ते वाचलं असावं, कारण सुरुवात त्यांनी गाऱ्हाण्यानेच केली.

गणिताचा पोर्शन राहिला, की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा. फळ्यावरचा सुविचार मास्तरांनी लिहायचा, आमदार यायचे असले की रांगोळी मास्तरांनी काढायची, स्नेहसंमेलनाचा थर्माकोलचा किल्लाही त्यांच्याच गळ्यात. "शाळेत मी शिक्षक नव्हतो, मखरवाला होतो," ते म्हणाले. मुलं हसली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की मात्र पालकांना मास्तरांचा पत्ता आठवायचा, कारण तिथल्या श्रेणीचे पुढे दहावीला गुण मिळायचे.

त्याहून मोठा राग त्यांचा कलेच्या इतिहासावर होता. म्हणजे तो ज्या पद्धतीने शिकवला जातो त्यावर. त्यांच्या विद्यार्थिदशेत एक सर अजिंठ्याच्या चित्रांची वैशिष्ट्यं वहीत उतरवून देत. लयदार रेषा, भावपूर्ण डोळे, हातांच्या मुद्रा. चित्र एकही दाखवत नसत. मास्तर त्या पेपरात वर्गात पहिले आले. अजिंठा त्यांनी पाहिला तो त्यानंतर अकरा वर्षांनी, लग्न झाल्यावर.

इथे भाषण रुळावरून घसरलं ते थेट अजिंठ्यात जाऊन पोचलं. 1872 ते 1885 या काळात जे.जे.च्या ग्रिफिथ्स साहेबांनी आपले विद्यार्थी नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. त्याआधी मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं तिथे राहून नकला केल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. जे.जे.च्या मुलांनी केलेल्यांपैकीही कितीतरी 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. या नकलांच्या पुस्तकावर नाव ग्रिफिथ्सचं. पेस्तनजी बोमनजीसारखी जी पोरं त्या अंधारात रंग कालवत बसली, त्यांची नावं बारीक टायपात. "मास्तरांना मान नाही म्हणून मी रडतोय," ते म्हणाले, "आणि तिथे विद्यार्थ्यांना नव्हता." ही कबुली त्यांनी इतक्या सहज दिली, की टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही.

मग त्या मुलाची गोष्ट आली. खरं तर सगळं भाषण तिच्यासाठीच होतं.

मास्तर वर्गात मासिकातली कात्रणं दाखवत. एकदा त्यांनी ग. का. म्हात्र्यांच्या 'मंदिरपथगामिनी'चा फोटो लावला. म्हात्र्यांनी हे प्लास्टरचं शिल्प एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, जे.जे.त विद्यार्थी असताना घडवलं. पूजेला निघालेली मराठी तरुणी. त्यावर रवींद्रनाथ ठाकुरांनीही लिहिलं. मास्तर हे सगळं रंगून सांगत होते. प्लास्टरमध्ये साडीच्या चुण्या कशा उतरल्यात, कापड अंगावर कसं पडलंय, वगैरे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील तयार ताक्यांमधले दोष तपासायचं काम करत. तो म्हणाला, "सर, मागून कशी आहे?"

मास्तरांनी विचारलं, का रे?

"अब्बा म्हणतात, कापड उलटून बघितल्याशिवाय त्याचं काही कळत नाही."

मास्तर जे.जे.त कितीतरी वर्षं त्या मूर्तीच्या आसपास वावरले होते. समोरून तिची रेखाटनं केली होती, परीक्षेत तिच्यावर दोन पानं लिहिली होती. मागून ती कशी आहे, हे त्यांना सांगता आलं नाही. "त्या दिवशी वर्गात मी नापास झालो," म्हणाले. पुढच्या सुट्टीत ते मुद्दाम मुंबईला गेले आणि मूर्तीच्या मागे जाऊन उभे राहिले. काय दिसलं ते सभागृहात त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला, तर म्हणाले, "तू जा आणि बघ."

यापुढे दर दोन-चार वाक्यांनी ते 'मागून बघा'वर येत राहिले. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर दगडी हत्ती आहे ना? पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं ते त्याच्यामुळे. 1864 मध्ये साहेब तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आले आणि पुढे 1914 मध्ये जोडले गेले. समोर उभं राहून फोटो काढलात तर तुम्हाला हत्ती दिसेल. भोवती फिरलात तर सांधे दिसतील, आणि मग हा हत्ती इथे का, असं विचाराल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात परळच्या शिवाची उंचच्या उंच प्रतिकृती आहे. पाटी वाचून लोक पुढे सरकतात. मूळ शिळा 1931 मध्ये रस्त्याचं काम करताना परळला सापडली आणि ती आजही तिथल्या बारादेवीच्या देवळात आहे, हे कळलं की दादर-परळ करणाऱ्या माणसाने एकदा तरी वाट वाकडी करावी की नाही?

शाळेच्या सहलींचा विषय निघाला तेव्हा त्यांचा आवाज चढला. पहाटे एसटीने कल्याण, मग लोकल, मग सव्वाशे मुलांची दोन-दोनची रांग. म्हातारीचा बूट, गेटवे, आणि मध्ये याच शिवाजी महाराज म्यूझियमला चाळीस मिनिटं. जी इमारत बांधून झाल्यावर आधी महायुद्धातलं लष्करी रुग्णालय झाली आणि जिला म्यूझियम म्हणून उघडायला 10 जानेवारी 1922 उजाडावा लागला, तिच्यातून मुलं चाळीस मिनिटांत धावत बाहेर! त्यांना आठवायचा तो पेंढा भरलेला वाघ. नालासोपाऱ्याला सापडलेले अशोकाच्या आज्ञालेखांचे तुकडे त्याच इमारतीत आहेत. सोपारा म्हणजे आपल्या वसई-दिवा गाडीच्या पट्ट्यातलं गाव! पण त्या दगडापाशी मूल थांबलेलं त्यांनी क्वचितच पाहिलं. एका वर्षी त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, एकच दालन पाहू का? उत्तर मिळालं, पालकांनी पूर्ण म्यूझियमचे पैसे भरलेत.

घड्याळ बघून प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले. मास्तरांनी ते पाहिलं आणि तरी विचारलंच, "लोनाडचं लेणं कुणी पाहिलंय?"

तीनेकशे पदवीधरांतून चार हात वर झाले. लोनाड भिवंडी तालुक्यात आहे. डोंगरात बौद्ध लेणं, आत भिंतीवर कोरलेला राजदरबाराचा पट, आणि त्याच जागी गावकऱ्यांची खांडेश्वरी देवी. जवळच्या चौधरपाड्याला शिलाहार केशिदेवाचा शके 1161 चा शिलालेख. "पॅरिसला जाऊन मोनालिसा बघा, जरूर बघा, पण काचेपलीकडून आणि गर्दीच्या डोक्यावरून बघावी लागेल. लोनाडला तुम्हाला कोणी ढकलणार नाही." लेण्याला मागची बाजू नसते, हे त्यांच्या तेवढ्यात लक्षात आलं असावं. थोडं थांबून म्हणाले, तिथे निदान डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत बसा. मोबाइलचा टॉर्च लगेच मारू नका. लावलात तर आडवा धरा, उठाव तेव्हाच दिसतो.

तो कापडवाला मुलगा पुढे काय झाला, हे आभारप्रदर्शनाच्या आधी कुणीतरी विचारलं. मास्तरांना ठाऊक नव्हतं. वडिलांच्याच कामाला लागला, असं एकदा कानावर आलं होतं. चित्रकार झाला असता तर भाषणाला सोयीचं झालं असतं, असं म्हणत ते खाली बसले.

गाऊन परत करायच्या रांगेची ढकलाढकल चालू असताना तीन मुली मास्तरांपाशी आल्या. लोनाडला रिक्षा जाते का? सोनाळ्यापर्यंत जाते, पुढचं विचारत जा, ते म्हणाले. मग खिशातून पेन काढलं, समारंभाची निमंत्रणपत्रिका उलटी केली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर नाशिक हायवेची रेघ ओढायला सुरुवात केली.