नाशिकची वाईन टूर : ग्लासाच्या आधीची गोष्ट

आजच्या भागात आपण एका दिवसात नाशिकच्या द्राक्षबागा आणि वायनरी फिरून येणार आहोत. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहूनही देतोय.

आधी एक गंमत सांगतो. वाईनचे प्रसिद्ध देश थंड किंवा समशीतोष्ण पट्ट्यातले. नाशिक मात्र साधारण २० अंश अक्षांशावर, म्हणजे चक्क उष्ण कटिबंधात. मग इथे हे जमतं कसं? एक तर नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी. दुसरं कारण म्हणजे छाटणी. युरोपात वेल थंडीत झोपी जाते, आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा कात्री चालवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून नवीन काड्या तयार होतात. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, त्यातून घड येतात. छाटण्या दोन, पण पीक एकच. म्हणूनच युरोपात साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडणी होते, तर आपल्याकडे जानेवारी ते मार्च. फिरायला जायचं असेल तर हेच महिने गाठा.

मुंबईहून कसारा घाट चढून तीन-साडेतीन तासांत नाशिक येतं. गंगापूर धरणाच्या बाजूला आणि दिंडोरी भागात बऱ्याच वायनरी आहेत. आजच्या नाशिक वाईनची ओळख १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी सुरू केलेल्या सुलापासून झाली, असं म्हणायला हरकत नाही. राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं २००१ मध्ये, आणि त्यानंतर वायनरींची संख्या वाढत गेली.

बहुतेक टूरची सुरुवात बागेतून होते. इथे घाई करू नका. एक मणी चाखायला मिळाला तर जरूर चाखा. बाजारातलं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं. वाईनचं द्राक्ष छोटं, जाड सालीचं, बिया असलेलं, आणि भरपूर गोड. शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यॉ ब्लाँ, शिराज ही नावं तुम्हाला सगळीकडे ऐकू येतील.

मग आत, टाक्यांकडे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गरही पांढुरकाच असतो, रंग सालीत असतो. पांढऱ्या वाईनसाठी आधी रस काढतात आणि मग आंबवतात. रेड वाईन सालीसकट आंबवतात, म्हणून तिला तो रंग आणि तो तुरटपणा. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. स्टीलच्या टाक्यांना थंड ठेवण्याची सोय असते, नाहीतर आपल्या हवेत सगळा सुगंधच उडून जाईल. एका बाटलीला साधारण एक किलोच्या आसपास द्राक्षं लागतात.

आता मुद्द्याचं. टेस्टिंग रूममध्ये आपण फोटो काढतो, आणि टूर तिथेच संपते. पण हे द्राक्ष पिकवलं कुणी? नाशिकच्या अनेक वायनरी स्वतःच्या बागेबरोबरच शेतकऱ्यांकडून कराराने द्राक्षं घेतात. खाण्याचं द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारलं तर दुसरा सापडतो, अगदीच नाही तर बेदाणा करता येतो. वाईनच्या द्राक्षाला तो पर्यायच नाही. इतकं छोटं, बियांचं द्राक्ष बाजारात कोण घेणार? वायनरीने हात वर केले की शेतकऱ्याची कोंडी. २००८-०९ च्या मंदीत मागणी घसरली, माल पडून राहिला, आणि कित्येकांनी वाईनच्या वेली उपटून टाकल्या. वेल लावून नीट पीक यायला दोन-तीन वर्षं जातात. उपटायला एक दिवस पुरतो.

आणि उलट बाजूही ऐका. करार पाळला गेला, तर ठरलेला भाव मिळतो आणि रोजच्या बाजारभावाची धाकधूक उरत नाही. म्हणजे खरा प्रश्न द्राक्षाच्या जातीचा कमी आणि कराराचा जास्त आहे.

म्हणून गाईडला तीन प्रश्न नक्की विचारा. द्राक्षं कुणाच्या शेतातली? करार किती वर्षांचा? अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर नुकसान कुणाचं? उत्तर मिळालं तर छान. गाईड गडबडला, तरी तुम्हाला काहीतरी कळलंच.

जाता जाता कामाच्या चार गोष्टी. वीकेंडला आधी बुकिंग करा. ओळखपत्र जवळ ठेवा, वयाची अट असते. रिकाम्या पोटी टेस्टिंग नको, आधी मस्त मिसळ हाणा, नाशिकला आलाच आहात तर! आणि गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घ्यायचा नाही, घाट उतरायचाय. सरळ ड्रायव्हर करा, नाहीतर मुक्काम करा. ज्यांना प्यायचीच नाही त्यांनीही बिनधास्त या, बाग बघायला ग्लास लागत नाही.

तुमच्या घरी द्राक्षबाग असेल तर तुमचा अनुभव आम्हाला पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. भेटूया. तोवर ऐकत राहा, फिरत राहा!