पोलंडच्या व्हॉलीबॉल संघाची हकीकत

(महोत्सवानिमित्त भरविलेल्या व्हॉलीबॉल सामन्यांच्या समारंभांत दिलेलें भाषण)



महोत्सवानिमित्त आपल्या तरुण मंडळींनीं व्हॉलीबॉलचे सामने भरविले, त्या खेळासंबंधीं चार शब्द बोलावे अशी मला आज्ञा झाली आहे. खेळाडूंना उपदेश करण्यापेक्षां खेळाडूंचीच एक हकीकत सांगावी, हें मला अधिक बरें वाटलें. ही हकीकत पोलंड देशाच्या पुरुषांच्या संघाची आहे. १९७४, २०१४ आणि २०१८ या तीन सालीं या संघानें जगज्जेतेपद मिळविलें. परंतु या तीन आंकड्यांकडे नीट पाहिलें असतां पहिल्या आणि दुसऱ्या विजयामध्यें चाळीस वर्षांचें अंतर दिसतें. एकदां शिखरावर चढलेल्या संघाला पुन्हां तेथें पोंचण्यास चाळीस वर्षें कां लागावींत, हाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

हा खेळ मूळचा अमेरिकेंतला. १८९५ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील होल्योक गांवीं वाय. एम. सी. ए. चे व्यायामशिक्षक विल्यम मॉर्गन यांनीं तो काढला. पुढें तो युरोपांत पसरला आणि १९४७ च्या एप्रिल महिन्यांत पॅरिस येथें त्याची जागतिक संघटना स्थापन झाली. त्या वेळच्या संस्थापक चौदा राष्ट्रांत पोलंडचें नांव आहे. त्या राष्ट्राची तेव्हांची स्थिति आठवा. वॉर्सा ही त्याची राजधानी महायुद्धांत विटा-मातीचा ढिगारा होऊन पडलेली. आणि त्याचीं हजारों माणसें, त्यांत विशेषतः स्त्रिया व मुलें, दूर परक्या मुलखांत आश्रयाला राहिलेलीं. त्यांपैकीं सुमारें पांच हजार तर आपल्या कोल्हापुराजवळ वळिवडे येथील छावणींत १९४३ पासून १९४८ पर्यंत राहत होतीं, हें पुष्कळांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलें असेल. ज्या घराला अजून छप्पर नाहीं त्या घरानें मुलांच्या खेळाची आठवण ठेवावी, यांत मला त्या लोकांचा स्वभाव दिसतो.

आरंभीं स्त्रियांचाच संघ पुरुषांच्या पुढें होता. १९६४ आणि १९६८ या दोन्ही ऑलिंपिक मेळ्यांत पोलिश स्त्रियांनीं तिसरें स्थान मिळविलें. पुरुष १९६५ सालीं विश्वचषकांत दुसरे आले खरे, पण ऑलिंपिकांत १९६८ सालीं पांचवे आणि १९७२ सालीं नववे, अशी त्यांची उतरती भाजणी होती. अशा वेळीं, १९७३ सालीं, ह्यूबर्ट वाग्नर यांच्या हातीं संघ आला.

वाग्नर यांचें वय तेव्हां अवघें बत्तीस. कालपर्यंत ज्यांच्या खांद्याला खांदा लावून ते स्वतः खेळले, त्यांनाच आतां त्यांनीं शिकवावयाचें होतें. संघनायक एडवर्ड स्कोरेक त्यांच्याहून केवळ दोन वर्षांनीं लहान होता. बरोबरीच्या माणसाला हुकूम करणें किती अवघड, हें ज्यांनीं गांवचा संघ चालविला आहे त्यांना सांगावयास नको. वाग्नर यांनीं मैत्रीचा मार्ग मुळींच धरला नाहीं. अंगावर वजनाचे जाड बंडी-जाकीट चढवून खेळाडूंना अडथळ्यांवरून उड्या मारावयास लावीत. एक झाली कीं दुसरी, दुसरी झाली कीं शंभरावी. खेळाडू व वर्तमानपत्रें त्यांना ‘जल्लाद’ म्हणूं लागलीं. आपल्याला सुवर्णपदकाखेरीज दुसरें कांहीं नको, असें ते उघड सांगत.

या कष्टांचा उपयोग समजण्यासाठीं त्या काळचा नियम ध्यानांत घेतला पाहिजे. हल्लीं प्रत्येक चेंडूला गुण मिळतो आणि डाव पंचवीस गुणांचा असतो. तेव्हां डाव पंधरा गुणांचा असे, आणि ज्या बाजूची सर्व्हिस असेल तिलाच गुण मिळे. दुसऱ्या बाजूनें चेंडू जिंकला तर तिला केवळ सर्व्हिस मिळे, गुण नाहीं. त्यामुळें पाटीवरचा आंकडा न हलतां कितीतरी वेळ खेळ चालू राही. आपल्यांतील वयस्क मंडळी याच नियमानें खेळली आहेत. त्यांना तो घाम आठवत असेल. अशा खेळांत शेवटीं कौशल्याइतकाच दम लागतो, हें वाग्नर यांनीं ओळखलें होतें.

१९७४ सालीं मेक्सिकोंत पोलंड जगज्जेता झाला; सोव्हिएट रशिया दुसरा आणि जपान तिसरा. चेंडू उचलून देणारा स्तानिस्वाव्ह गोश्चिन्याक त्या मेळ्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. याच संघांत तोमाश वुइतोविच नांवाचा एकवीस वर्षांचा उंच तरुण होता. मागच्या रांगेंतल्या खेळाडूनें चेंडू अडवावा, उचलावा, आणि मारण्याचें काम जाळ्यापाशीं असलेल्यांवर सोपवावें, अशी तोंवर रीत होती. वुइतोविच मागच्या रांगेंतून, तीन मीटरच्या रेषेच्या अलीकडून उडी घेऊन मारूं लागला, आणि हें त्यानें एखादे वेळीं नव्हे तर नेमानें केलें. अडविणाऱ्यांनीं कोणाकडे पाहावें हेंच त्यांना कळेना. आज आपल्या तालुक्याच्या सामन्यांतहि मुलें मागून उडी घेतात. ती रीत रूढ करण्याचें श्रेय जाणकार या माणसाला देतात. पुढें होल्योक येथील व्हॉलीबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याचें नांव लागलें.

मग १९७६ सालचें मॉन्ट्रिअलचें ऑलिंपिक. पोलंडला कोरियाशीं पांच डाव खेळावे लागले, क्यूबाशीं पांच, आणि उपांत्य सामन्यांत जपानशींहि पांच. उलट अंतिम सामन्यांत समोर आलेल्या रशियानें तोंपर्यंत एकहि डाव गमावला नव्हता. तीन डाव झाले तेव्हां रशिया दोन-एक असा पुढें होता. चौथा डाव घेतला कीं काम संपलें. तो डाव पंधरावर संपेना, सोळावर संपेना. अखेर १९-१७ असा पोलंडनें ओढून आणला. त्यानंतरच्या पांचव्या डावांत रशियनांना केवळ सात गुण मिळाले. अडथळ्यांवरच्या त्या उड्या येथें कामीं आल्या. ज्या बलाढ्य शेजाऱ्याच्या छायेंत पोलंडला राहावें लागत होतें, त्याच्यावर हा विजय होता. तेव्हां त्या रात्रीं पोलिश घरांत काय वाटलें असेल तें मी सांगण्याची जरूर नाहीं.

येथेंच गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकांत घालण्यासारखी झाली असती. परंतु वाग्नर निघून गेले, आणि संघाला त्या उंचीवर ठेवणारें मागें कांहीं राहिलें नाहीं. १९७५ पासून १९८३ पर्यंत युरोपच्या अजिंक्यपदासाठीं पांच वेळां सामने झाले. पांचहि वेळां पोलंड दुसरा, आणि पांचहि वेळां रशिया पहिला. १९८० सालीं मॉस्कोंत चौथें स्थान. १९८४ च्या ऑलिंपिकावर त्या सरकारनें बहिष्कार घातला. १९८८ आणि १९९२ सालीं संघाला प्रवेशच मिळाला नाहीं. १९९६ सालीं अटलांटा येथें मिळाला, तर पांचांपैकीं पांचहि सामने हरून तो परत आला. वीस वर्षांपूर्वीं ज्याच्या गळ्यांत सुवर्णपदक होतें, त्याची ही गत!

माझें मत असें आहे कीं, वाग्नर यांची कठोरता खोटी नव्हती, पण ती एका माणसाची होती. ती वारसाला देतां येण्यासारखी नव्हती. विहीर खणणारा गेला म्हणून पाणी आटत नाहीं. परंतु खांद्यावर घागर वाहणारा गेला तर घर कोरडें पडतें. पोलंडला आतां विहीर खणावयाची होती.

तें काम मुलांपासून सुरू झालें. १९९७ सालीं पोलंडच्या एकवीस वर्षांखालील मुलांनीं बहरीनमध्यें जगज्जेतेपद जिंकलें, आणि २००३ सालीं तशाच मुलांनीं तें पुन्हां मिळविलें. मोठ्या संघाच्या अपयशाच्या गलबल्यांत याकडे जगाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. २००० सालीं देशांतील क्लबांची व्यावसायिक लीग निघाली. यांतले पुष्कळ क्लब मोठ्या राजधान्यांत नाहींत, हें विशेष आहे. बेव्हहातुव्ह हें कोळशाच्या खाणीचें आणि वीजकेंद्राचें गांव. यास्त्शेंब्ये हेंहि खाणीचें, आणि तेथल्या क्लबाच्या नांवांतच ‘कोळसा’ हा शब्द आहे. केंजेझिन येथील क्लबाचें नांव खतांच्या कारखान्यावरून पडलें. पाळी संपवून आलेला कामगार मुलाला खांद्यावर घेऊन सामन्याला जातो. कातोवित्से शहरांत बशीच्या आकाराचें एक मोठें सभागृह आहे, आणि त्याला लोक ‘स्पोदेक’, म्हणजे बशीच, म्हणतात. त्या बशींत लाल-पांढरे कपडे घालून हजारों लोक एका सुरांत गाऊं लागले. हरणाऱ्या संघासाठींहि ते गात असत. मला वाटतें, खरा बदल तेथें झाला.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. २००५ सालीं या मानी राष्ट्रानें प्रथमच आपला संघ एका परक्याच्या स्वाधीन केला: अर्जेंटिनाचे राउल लोझानो यांच्या. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत संघावर मोठा आघात झाला. चोवीस वर्षांचा अर्कादियुश गोवाश नव्या क्लबांत रुजू होण्यासाठीं इटलीकडे निघाला असतां ऑस्ट्रियांत मोटार-अपघातांत मरण पावला. पुढल्या वर्षीं जपानमधील जागतिक मेळ्यांत पोलंड अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथें ब्राझीलनें त्याला सरळ तीन डावांत हरविलें. पण पदकें घेण्यास पोलिश खेळाडू आले ते गोवाशचा सोळा हा क्रमांक अंगावर घालून.

लोझानो यांच्यामागून दुसरे परदेशी शिक्षक आले. कास्तेयानी यांच्या हाताखालीं २००९ सालीं युरोपचें अजिंक्यपद, अनास्तासी यांच्या हाताखालीं २०१२ सालीं वर्ल्ड लीग. नंतर २०१४ सालीं फ्रान्सचे स्तेफान अँतिगा यांच्या हातीं संघ आला. हे पोलंडच्या क्लबांतून खेळलेले, आणि खेळाडूपद त्यांनीं त्याच वर्षीं सोडलें होतें! वाग्नर यांच्यासारखाच प्रसंग. फक्त हे जल्लाद नव्हते. जागतिक मेळा त्या वर्षीं पोलंडमध्येंच होता. पहिला सामना वॉर्साच्या फुटबॉलच्या मैदानावर झाला आणि त्याला साठ हजारांहून अधिक लोक जमले. अंतिम सामना कातोवित्सेच्या बशींत, समोर पुन्हां ब्राझील. पहिला डाव ब्राझीलनें घेतला, पुढले तीन पोलंडनें. त्या संघांत पावेव झागुम्नी होता, जो १९९७ च्या मुलांपैकीं एक. आणि २००३ च्या मुलांपैकीं संघनायक विन्यार्स्की आणि सर्वोत्कृष्ट ठरलेला व्लाझ्वी. विहिरीला पाणी लागलें होतें.

या आनंदांत एक माणूस नव्हता. बार्तोश कुरेक हा त्यांचा नामांकित खेळाडू. त्याला त्या वेळीं संघांतून वगळण्यांत आलें होतें. आपलें नांव यादींत नाहीं, आणि आपल्यावांचून, आपल्याच देशांत, आपला संघ जगज्जेता झाला, हें पाहणें किती कठीण! कुरेक खेळत राहिला. चार वर्षांनीं बेल्जमचे वितल हाय्नेन शिक्षक असतां इटलींतील तुरिन शहरीं पोलंडनें ब्राझीलला पुन्हां हरविलें, आणि मेळ्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून ज्याचें नांव पुकारलें तो कुरेकच होता. आज ज्यांचीं नांवें शेवटच्या यादींत आलीं नाहींत अशीं कांहीं मुलें मला मागें उभीं दिसताहेत. त्यांच्यासाठीं ही गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगितली.

मात्र ऑलिंपिकचें दार उघडेना. २००४ सालीं ब्राझील, २००८ सालीं इटली, २०१२ सालीं रशिया, २०१६ सालीं अमेरिका, आणि २०२१ सालीं टोकियोंत फ्रान्स: पांच मेळ्यांत पांच निरनिराळ्या संघांनीं पोलंडला उपांत्यपूर्व फेरींतच अडविलें. जगज्जेता संघ, आणि तरी पांचहि वेळां त्याच उंबरठ्यावर अडखळला. मॉन्ट्रिअलचे म्हातारे वीर या काळांत एकामागून एक जात होते. वाग्नर २००२ सालींच गेले होते. वुइतोविच २०२२ सालीं गेला.

२०२४ सालीं पॅरिस येथें, सर्बियाचे निकोला गर्बिच शिक्षक असतां, उपांत्यपूर्व सामन्यांत पोलंडनें स्लोव्हेनियाला हरविलें आणि तो उंबरठा ओलांडला. उपांत्य सामना अमेरिकेशीं. दोन-एक असें मागें पडलेलें. पहिल्या पसंतीचा सेटर यानुश दुखापतीनें बाहेर. त्याच्या जागीं बांकावर बसून असलेला छत्तीस वर्षांचा वोमाच आंत आला. चौथा डाव पोलंडनें २५-२३ असा घेतला, पांचवा १५-१३ असा. अंतिम सामन्यांत यजमान फ्रान्सनें त्यांना तीन सरळ डावांत हरविलें. तरीहि अठ्ठेचाळीस वर्षांनंतर त्या संघाच्या गळ्यांत ऑलिंपिकचें पदक पडलें, आणि तें घेणाऱ्यांत संघनायक म्हणून कुरेक उभा होता. पुढल्या वर्षीं, २०२५ सालीं, फिलिपीन्समधील जागतिक मेळ्यांत तो संघ तिसरा आला.