पानाखालचा राखणदार

(कुरवंडे येथे परसबागेच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाजीपाल्याच्या बियाण्यासाठी तुम्ही मदत पाठवता. बी रुजते, वेल मांडवावर चढतो. पण पुढे त्याची राखण कोण करतो? आज त्या राखणदाराची ओळख करून देतो.

आपल्याकडे पावसाळाभर पाऊस एवढा कोसळतो की पानावरची बरीच कीड धुऊन जाते. खरी अडचण भात कापल्यावर येते. परसात वाल, पावटा, चवळी फुलोऱ्यावर येते, थंडी पडते, मधूनच आभाळ येते आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. तो रस शोषतो, पाने आकसतात. त्याच्या अंगातून गोड चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि मुंग्या लागतात.

अशाच दिवसांत एका मावशींनी मला हाक मारली. "दादा, ह्या काळ्या किड्यांनी येल खाल्ला बगा. काय तरी औषद द्या." मी पान उलटले. मावा होताच, आणि त्यात काळपट, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरत होत्या. दिसायला अगदी सुसरीची पिल्ले. मलाही तेव्हा त्यांची ओळख नव्हती. आम्ही दोघांनी मिळून त्या चिरडल्या. पुढच्या आठवड्यात मावा दुप्पट झाला. आम्ही चोर सोडून राखणदारालाच मारले होते.

त्या अळ्या ढालकिड्याच्या होत्या. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला, मुले हातावर चालवतात तो किडा, म्हणजे लेडीबर्ड. त्याला सगळे ओळखतात, त्याच्या पिल्लांना कोणी ओळखत नाही. मादी माव्याजवळ, बहुधा पानाखाली, पिवळी लांबट अंडी पुंजक्याने उभी घालते. तीन ते पाच दिवसांत अळ्या निघतात. एकेक अळी कोषात जाईपर्यंत काहीशे मावा फस्त करते. मग पानालाच चिकटून कोष होतो, आणि आठवड्याभरात त्यातून नवा ढालकिडा बाहेर येतो. तोही मावाच खातो.

लेडीबर्ड या नावातली 'लेडी' म्हणजे येशूची आई मरिया. जुन्या चित्रांत तिचा झगा लाल असे. किड्याचे सात ठिपके म्हणजे तिची सात सुखे आणि सात दुःखे, असे युरोपातले लोक सांगत. जर्मन भाषेत आजही त्याला मरियेचा किडा म्हणतात.

या किड्याने मोठमोठ्या बागाही वाचवल्या आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा एका खवले किडीने वाळत चालल्या होत्या. १८८८ साली आल्बर्ट कोबेले ऑस्ट्रेलियात गेले आणि तिथून त्यांनी ढालकिड्याची एक जात पाठवली. सुरुवातीला आलेले किडे जेमतेम १२९ होते. वर्ष-दीड वर्षात बागा सावरल्या. पुढे १९४० च्या दशकात त्याच भागात डीडीटी फवारले गेले. ढालकिडे मेले आणि दबलेली कीड पुन्हा उसळली. आपल्या देशातही १८९८ साली ऑस्ट्रेलियातून क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा आणला गेला. महाराष्ट्रातले द्राक्ष बागायतदार पिठ्या ढेकणासाठी आज तो बागेत सोडतात. त्याची अळी पांढरी, पिठ्या ढेकणासारखीच दिसते. तिथेही नीट न पाहणारा माणूस मित्रालाच मारतो.

एवढ्याशा किड्याबद्दल इतके का बोलतो? कारण फवारणीची बाटली आपल्या लोकांच्या एका खोलीच्या घरात, धान्याशेजारी असते. फवारणाऱ्याच्या हातात मोजे नसतात. आज फवारलेली शेंग उद्या पोरांच्या ताटात येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नका.

मग करायचे काय?

मावा दिसला की आधी पान उलटा. पिवळी अंडी, काळ्या अळ्या किंवा ढालकिडे दिसले तर आठ-दहा दिवस हात आवरा. राखणदार नसेल तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, फार भरलेला शेंडा खुडून टाका. तरी हटला नाही तर एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, थोडे साबणाचे पाणी घालून फवारा. अळ्या असलेल्या पानांवर मात्र तेही नको. मुंग्यांना वेलीवर चढू देऊ नका. त्या चिकट्यासाठी माव्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. कडेने चवळी लावा, थोडी कोथिंबीर आणि बडीशेप फुलावर येऊ द्या. माव्याचे दिवस सरले की ढालकिडा त्या फुलांच्या परागावर तग धरतो.

एक सावधगिरी. वांग्यावर फिक्कट, लवदार, पुष्कळ ठिपक्यांचा याचा एक भाऊबंद येतो. तो पानच खातो. पान खरवडून जाळी झाली असेल तर तो चोर समजा. त्याला आणि त्याच्या पिवळ्या काटेरी अळ्यांना हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

त्या मावशी आता पान उलटल्याशिवाय बाटलीला हात लावत नाहीत. शेजारणीच्या वेलीवरून अळ्या असलेले पान खुडून आणतात आणि आपल्या वेलीवर अलगद ठेवतात. परवा त्यांचा नातू मला पान दाखवून म्हणाला, "दादा, ही पिल्लं मारायची नाय हां."

तुमच्या घराच्या गॅलरीत, चर्चच्या आवारात एखादी कुंडी असेलच. घरी गेल्यावर एक पान उलटून बघा. आणि पुढच्या वेळी बियाण्यासाठी मदत पाठवाल, तेव्हा त्या बियाण्याच्या या मुक्या राखणदाराचीही आठवण ठेवा.

देव तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.