पासबुकातला ‘बाय’

आज आम्ही एका इवल्याशा इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द आहे ‘बाय’. निरोप घेताना म्हणतो तो नव्हे, तो वेगळा. हा ‘बाय’ तसा आपल्या ओळखीचाच. गवंडी म्हणतो, 10 बाय 12 ची खोली. नर्सताई म्हणतात, बीपी 120 बाय 80. बोलण्यात तो कळतो, कागदावर मात्र अडतो.

पापडाच्या पुड्यावर ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ असतं, म्हणजे अमक्याने बनवलेलं. आपला ‘ने’ नावाला मागून चिकटतो, इंग्रजीत ‘बाय’ आधी आणि नाव नंतर. ‘मार्केटेड बाय’पुढे विकणाऱ्याचं नाव येतं. पापड लाटायचे आपण आणि पुड्यावर नुसता व्यापारी, हे काही बरं नाही. छापायला देण्याआधी बघून घ्या.

तारखेआधी ‘बाय’ आला की ‘पर्यंत’ समजायचं. हप्ता ‘बाय 10 जून’ म्हणजे 10 जूनपर्यंत कधीही भरा. ‘यूज बाय’ची तारीख उलटली की तो पदार्थ खायचा नाही.

आता पासबुक. इथे नीट कान द्या. ‘बाय कॅश’ म्हणजे रोख जमा झाली. ‘बाय ट्रान्सफर’ म्हणजे दुसऱ्या खात्यातून रक्कम आली. आणि ‘टू’ लिहिलेलं असेल तर पैसे गेले! ‘टू’ म्हणजे ‘कडे’, म्हणून ‘टू कॅश’ वाचून रोख आपल्याकडे आली असं वाटतं. तसं नाही, खात्यातून रोख काढली गेली. हिशेबाची जुनी रीतच अशी आहे, नावे बाजूला ‘टू’ आणि जमा बाजूला ‘बाय’.

गटाची रोकडवही याच रीतीने लिहिली असेल तर तिथे उलटं दिसेल. आलेल्या रकमेला ‘टू’, दिलेल्या रकमेला ‘बाय’. गोंधळू नका. पासबुक बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं. आपली ठेव म्हणजे बँकेच्या डोक्यावरचं आपलं देणं.

काही बँका हे शब्द लिहीतच नाहीत. मग शेवटच्या रकान्यातली बाकी बघा. वाढली तर जमा, घटली तर खर्च. हे तर अंगठा उठवणाऱ्या आजीलाही आकडे ओळखून सांगता येतं.

पुढच्या बैठकीत पासबुक आणि इतिवृत्त वही शेजारी शेजारी उघडा. ‘टू’च्या एकेका नोंदीवर बोट ठेवा आणि त्या पैशाचा ठराव कोणत्या तारखेचा, ते मोठ्याने वाचा.