कॅनडातला अनुभव किती?



तुंगार्लीच्या धरणाकडे चढून गेलं की खाली लोणावळा दिसतं. माझा भाचा शाळेत असताना पावसाळ्यात माझ्याबरोबर या वाटेनं यायचा. पाण्याचा रेटा किती, भिंत खाली जाड का, असे त्याचे प्रश्न. पुढे तो स्थापत्य अभियंता झाला. नऊ वर्षं पुलांची कामं केली आणि बायको-मुलीला घेऊन टोरांटोला गेला. तिथं तो सध्या एका गोदामात रात्रपाळीला खोकी लावतो.

कॅनडानं १९६७ मध्ये गुणांची पद्धत आणली. शिक्षण, वय, भाषा, अनुभव यांचे गुण धरून माणूस निवडायचा. भाच्याची निवड झाली ती याच पदवीवर आणि याच नऊ वर्षांवर. पण डॉक्टर, परिचारिका, अभियंता यांना परवाना देतात त्या प्रांताप्रांतातल्या नियामक संस्था. भाचा राहतो त्या ओंटारिओ प्रांतात अभियंत्याच्या परवान्यासाठी चार वर्षांचा अनुभव लागतो. त्यातलं एक वर्ष कॅनडातलंच हवं, अशी अट तिथं कित्येक वर्षं होती. तिथल्या मानवी हक्क आयोगानं २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अशी अट घालणं हा प्रथमदर्शनीच भेदभाव ठरतो. तरी अभियंत्यांच्या संस्थेनं ती काढली २०२३ मध्ये. मधली दहा वर्षं ज्यांची गेली, त्यांची गेलीच.

अट कागदावरून गेली, पण भाचा सांगतो, "मामा, मुलाखतीत पहिला प्रश्न अजून तोच. कॅनडातला अनुभव किती?"

मला त्याच्या पगाराची काळजी नाही; घर चालतंय. काळजी आहे ती त्याच्या हाताची. नकाशा बघून लोखंड कुठं कमी पडतंय हे सांगणारी नजर रोजच्या कामानं तयार होते आणि काम सुटलं की मंदावते. त्याची आई मात्र गावात अभिमानानं सांगते, पोरगा कॅनडात इंजिनियर आहे. तो तिला खरं सांगत नाही. मीही आज त्याचं नाव घेतलेलं नाही ते त्यासाठीच.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. "मामा, तुंगार्ली भरलं का?" भरलं, म्हटलं. "सांडव्यावरून किती बोटं पाणी जातंय?"

मी मोजलं नव्हतं. उद्या सकाळी पट्टी घेऊन जाणार आहे.