भाकरीतले लोह



भाकरी आणि औषध या दोन वस्तू आपण सदैव निराळ्या मानीत आलो. भाकरी चुलीवरची, औषध दवाखान्यातले. आम्हांला आज सांगायचे आहे ते इतकेच की, औषधाचे काही काम भाकरीकडे सोपविता येते. आणि ती सोय दूर कोठे नव्हे, आपल्या धुळ्यासच झालेली आहे.

आधी गरज किती ते पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या; सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत हे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. ही सारी माणसे काही उपाशी झोपणारी नव्हेत. पोट भरते, पण रक्ताला हवे ते अन्नातून पुरेसे मिळत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे बाजरी संशोधन धुळ्यास चालते. तेथून २०१८ साली ‘फुले महाशक्ती’ हा संकरित वाण बाहेर पडला. नेहमीच्या बाजरीत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असते. या वाणात ते ८७ आहे. जस्तही ३०-३५ वरून ४१ वर गेले आहे. दिवसाला दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणाऱ्याच्या पोटात सात मिलिग्रॅमऐवजी तेरा मिलिग्रॅम लोह जाईल. यात जादू नाही. बाजरीच्या काही कुळांत लोह मुळातच अधिक असते; ती कुळे निवडायची आणि त्यांचा संकर करायचा, एवढीच ही विद्या. जीवनसत्त्वांचेही तसेच. ‘अ’ जीवनसत्त्व ज्यापासून शरीरात तयार होते, ते द्रव्य वाढविलेला ‘पुसा विवेक क्यूपीएम ९ सुधारित’ हा मका २०१७ साली दिल्लीहून आला.

पण धान्यातले लोह अंगी लागते काय? ही शंका रास्त आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर याची परीक्षा झाली. काहींना साध्या बाजरीची, काहींना लोहयुक्त बाजरीची भाकरी रोज देण्यात आली. लोहयुक्त भाकरी खाणाऱ्यांच्या शरीरातील लोहाचा साठा चार महिन्यांत अधिक वाढला. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

तरी भाकरीला सर्वरोगहारी मात्रा समजू नये. रक्तक्षयाला जंत, रक्तस्राव, फॉलिक आम्ल किंवा ब-१२ यांची उणीव अशीही कारणे असतात; ज्याला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याने त्या घेतल्याच पाहिजेत. जेवणासोबत लिंबू पिळले तर धान्यातले लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. म्हणजे आपली लिंबाची फोड शहाणी आणि जेवणावरचा चहा वेडा!

आता मुख्य अडचण. आडतीवर भाव ठरतो तो दाण्याचा रंग, टपोरेपणा आणि ओल पाहून. मक्यातले ते द्रव्य निदान पिवळा रंग तरी दाखविते. बाजरीतले लोह डोळ्यांना दिसत नाही. ते दिसत नाही म्हणून त्याला भाव नाही, भाव नाही म्हणून शेतकऱ्याला त्याचा वेगळा पेरा करण्यात स्वारस्य नाही, आणि चांगला दाणा साध्या दाण्यांच्या ढिगात मिसळून नाहीसा होतो. संशोधकाने आपले काम केले. शेतकऱ्यास दोष देता येत नाही. तो गिऱ्हाईक पाहून पेरतो.

गिऱ्हाईक म्हणजे आपण. जळगाव-धुळ्याच्या वसतिगृहांनी, खानावळींनी आणि वर्षाचे धान्य एकदम भरणाऱ्या घरांनी पेरणीपूर्वीच ओळखीच्या शेतकऱ्यास सांगावे की, ‘महाशक्ती पेरा, आम्ही वेगळी घेऊ, दोन पैसे अधिक देऊ.’ संकरित बियाणे दर साली विकत घ्यावे लागते. ज्याला ते परवडत नाही, त्याने २०१२ साली महाराष्ट्रात आलेली ‘धनशक्ती’ पेरावी. ती संकरित नव्हे, सुधारित जात असल्याने तिचे बी घरचे राखता येते.

पेरणीला अजून अवधी आहे. तोवर हा निरोप गावोगाव पोचवावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.